‘जंतूंना सवय होते’ या वाक्यावरील आक्षेपाला उत्तर

महोदय,

‘अर्धवट घेतलेल्या गोळ्यांमुळे जंतूंना औषधाची सवय होते’ या माझ्या लेखातील वाक्यावर आपण लिहिले आहे : ‘जंतूंना कसलीही सवय होत नसते, प्रतिकारक्षम तेवढे निवडले जातात, ही शाळकरी चूक ग्रामीण वाचकांची दिशाभूल करणारी आहे.’ पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांना नोबेल मिळाल्याचे साल चुकले, ‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला सर्वच आजारांना लागू नाही आणि कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या औषधांचा उल्लेख नाही, असेही आपण म्हणता. साल माझ्याकडून चुकले होते; 1944 च्या जागी 1945 केले आहे. आभारी आहे.

‘शाळकरी’ हा शब्द मात्र मला लागला. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी 27 वर्षे प्रयोगशाळेत काम केले. लघवीच्या नमुन्यातील जंतू प्लेटीवर पसरवायचे, त्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ पट्टीने मोजायचे, हे माझे रोजचे काम होते. कधी त्या मोकळ्या वर्तुळातच टिकलीएवढी वसाहत उगवलेली दिसे. आजूबाजूचे सगळे भाऊबंद मेलेले आणि ती एकटी टवटवीत. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने 1952 मध्ये मखमलीच्या कापडाने एका प्लेटीवरील वसाहतींचा ठसा दुसरीवर उमटवून, ज्यांचा स्ट्रेप्टोमायसिन या औषधाशी कधी संबंधच आला नव्हता अशा जंतूंतही त्याला न जुमानणारे थोडे आधीपासूनच असतात, हे सिद्ध केले. निवड म्हणजे काय हे मला कोणी पुण्याहून समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही मी ‘सवय’ लिहिले, कारण माझे वाचक पऱ्हाटी पेरतात. 2002 मध्ये, जिच्या झाडातच अळीला मारणारे विष तयार होते ती बीटी कपाशी आली आणि 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा गावोगाव एकच वाक्य ऐकू येई : ‘अळीला बीटीची सवय झाली.’ एकाही अळीला सवय झाली नव्हती. जिला विष बाधत नव्हते तिची पिल्लावळ उरली, एवढेच. बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे येत असे. ते कडेने लावायचे, म्हणजे त्यावर साध्या अळ्या जगतील आणि त्यांच्या पतंगांशी संकर होऊन चिवट वाण फोफावणार नाही. पुष्कळांनी ते लावलेच नाही. आमच्याही धुऱ्यावर ते कधी पडले नाही. ज्याने हे भोगले आहे, त्याला ‘सवय’ हा शब्द अख्ख्या कुळाविषयी आहे, एका किड्याविषयी नाही, हे सांगावे लागत नाही. आपल्याला ते सांगावे लागले.

खरे तर या उपमेतील उणीव वेगळीच आहे आणि ती आपल्या नजरेतून सुटली. अळी आपला चिवटपणा फक्त पिल्लांना देते. जंतू मात्र प्लाझ्मिड नावाचे जनुकांचे छोटे कडे शेजारच्या, प्रसंगी दुसऱ्या जातीच्या, जंतूलाही देऊन टाकतो. त्या एकाच कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात, म्हणून एका औषधाच्या वापराने दुसरी औषधेही निकामी होऊ शकतात. आपण हा मुद्दा काढला असता, तर मी लेखात निमूटपणे भर घातली असती.

कोर्सच्या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. क्षयरोगात औषधे मध्येच सोडणे घातक आहे. इतर आजारांत किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवावे. कोंबड्यांसाठी कोलिस्टिन हे जंतुनाशक औषध वापरण्यावर भारतात 2019 मध्ये बंदी आली, हे मला ठाऊक आहे. लेख माणसांच्या औषधांविषयी होता, त्याचे शीर्षक तरी आपण वाचले असेल अशी आशा आहे.

साल दुरुस्त केले आहे. ‘सवय’ तशीच ठेवली आहे.