गाडी निघालेली असते

आज सकाळी आमच्या नात्यातल्या ग्रुपवर कोणीतरी एक ध्वनिफीत टाकली. आणीबाणीच्या क्रमांकावर आलेल्या एका कॉलची होती. फोन करणारा माणूस रडतो आहे, ओरडतो आहे, आणि फोन घेणारी मुलगी शांत आवाजात त्याला पत्ता पुन्हा विचारते आहे, रुग्णाचा श्वास चालू आहे का ते विचारते आहे. त्याखालच्या प्रतिक्रिया वाचून माझे डोके उठले. "दगड आहे ही बाई", "माणूस मरतोय आणि हिला चौकश्या सुचताहेत", "आधी गाडी पाठव ना". हे लिहिणारी माणसे वाईट नाहीत. कोणाच्याही आजारपणात रात्री-अपरात्री धावून जाणारी ही माझीच माणसे आहेत, म्हणून तर जास्त लागले. मी वर्षानुवर्षे हेडसेट लावून तसल्याच खुर्चीत बसते आहे, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणजे 'ती फोन उचलायची नोकरी करते' इतपत ठाऊक आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट लिहिते. मोठ्या नियंत्रण कक्षात तुमच्याशी बोलणारा माणूस आणि गाडी सोडणारा माणूस वेगवेगळे असतात. कॉल टेकर पत्ता आणि तक्रार टाइप करतो, ती त्याच क्षणी डिस्पॅचरच्या पडद्यावर उमटते, आणि तुमच्याशी बोलणे चालू असतानाच जवळची मोकळी गाडी निघते. प्रश्न संपण्याची वाट गाडी पाहत नाही. लहान केंद्रांत एकच माणूस दोन्ही कामे करतो, हे मान्य. पण तिथेही पत्ता आणि प्रकार कळला की आधी गाडी सुटते आणि बाकीचे प्रश्न नंतर होतात.

असे काही वाचले की मला एका रात्रीचा कॉल हटकून आठवतो. आवाजावरून सत्तरीपलीकडचे वाटणारे एक गृहस्थ होते. "अहो, ही पडली. स्वयंपाकघरात पडली. लवकर गाडी पाठवा." मी पत्ता विचारला, त्यांनी सांगितला, मी तो त्यांना वाचून दाखवला, तर ते भडकले. "एकदा सांगितला ना! प्रश्न कसले विचारत बसलात? गाडी पाठवा आधी!" त्यांचे हे वाक्य पुरे होईपर्यंत पलीकडच्या टेबलावरच्या माझ्या सहकाऱ्याने वायरलेसवर गाडीला तो पत्ता दिलेलासुद्धा होता. मी म्हटले, "काका, गाडी निघाली आहे. मी तुमच्यासोबत फोनवरच आहे. त्या शुद्धीवर आहेत का?" नाही. "श्वास नीट चालू आहे का?" त्यावर ते म्हणाले, "चालू आहे की, घोरतेय ती."

इथे निर्दयी बाईने काय करायला हवे होते, ते ग्रुपवरच्या मंडळींनी मला सांगावे. "बरे, गाडी येतेच आहे" म्हणून फोन ठेवायला हवा होता का? मी त्यांना सांगितले की, त्या श्वास घेतील तेव्हा दर वेळी तुम्ही 'आता' म्हणा. एक 'आता' आले. मग काहीच नाही. मग बऱ्याच वेळाने, मला स्वतःचाच श्वास रोखल्यासारखे झाल्यावर, दुसरे 'आता' आले. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटे माणूस असे अधूनमधून आचके देतो, त्यातून घोरल्यासारखा किंवा गुरगुरल्यासारखा आवाज येतो, आणि घरच्यांना वाटते की श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. एवढे ओळखायला मला एक प्रश्न लागला, आणि तो विचारला नसता तर त्या बाई गाडी येईपर्यंत तशाच जमिनीवर पडून राहिल्या असत्या.

हृदय थांबल्यानंतर मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. छाती दाबायला कोणी सुरुवात केली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. गाडी कितीही वेगाने सुटली तरी तिला रस्ता कापावाच लागतो, जिने चढावेच लागतात. मधल्या वेळात रुग्णापाशी दोनच हात असतात, आणि ते घाबरलेल्या नातेवाइकाचे असतात. त्या हातांना कामाला लावणे हे माझे काम आहे.

काकांना मी फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवायला लावला. त्यांना पाठीवर सरळ करा, छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, आणि जोराने दाबा, निदान 5 सेंटीमीटर छाती खाली गेली पाहिजे. "तिला दुखेल हो," ते म्हणाले. दाबा, काका. माझ्यासोबत मोठ्याने मोजा. एक, दोन, तीन, चार. मिनिटाला 100 ते 120 हा वेग असतो, आणि तो न थांबता राखणे तरण्या माणसालाही जड जाते. मधे ते रडायला लागले, मधेच गाडी दिसते का पाहायला खिडकीशी जातो म्हणाले, आणि मी तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच स्वरात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले: "काका, दाबत राहा, मी मोजते आहे." हे आम्हाला शिकवलेले असते. भेदरलेल्या माणसाशी हुज्जत घालायची नाही, दर वेळी नवे शब्द वापरायचे नाहीत, एकच वाक्य तो ऐकेपर्यंत म्हणत राहायचे. तुम्हाला ध्वनिफितीत जो 'भावनाशून्य' आवाज ऐकू आला, तो हा आवाज आहे. आमच्या पोटात काय होत असते ते त्या आवाजात उतरू द्यायचे नसते, कारण मी घाबरले की काका थांबणार.

आता पत्त्याबद्दल. "तुमच्या मशीनवर लोकेशन दिसत नाही का?" हा प्रश्न मला नातेवाईकही विचारतात. दिसते, पण किती नेमके दिसते हे तुमच्या फोनवर आणि त्या केंद्राच्या यंत्रणेवर अवलंबून असते. नुसत्या मोबाइल टॉवरवरून येणारे लोकेशन म्हणजे नकाशावरचे एक मोठे वर्तुळ असते, आणि त्यात शेकडो घरे मावतात. नव्या फोनमधून येणारे लोकेशन बरेच नेमके असते, तरी तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात की नवव्या, हे त्यावरून बहुधा कळत नाही. म्हणून पत्ता आधी विचारतो आणि वाचून दाखवतो. लाइन तुटली आणि पत्ता हाताशी असला तर मदत पोहोचते. नुसता आक्रोश हाताशी असला तर कुठे पोहोचणार?

आणि हे प्रश्न कोणा बाबूच्या डोक्यातून निघालेले नाहीत. 1935 साली लंडनमधल्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. एक शेजारी अग्निशमन दलासाठी फोन लावत होता आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल रांगेत तिष्ठत होता. त्याने वर्तमानपत्राला संतापून पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि 30 जून 1937 रोजी 999 हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत 911 यायला 1968 उजाडले. म्हणजे या क्रमांकांचा जन्मच 'कोणाचा फोन आधी घ्यायचा' या प्रश्नातून झाला आहे, आणि आज तोच प्रश्न गाड्यांबाबत पडतो. दोन गाड्या मोकळ्या आहेत आणि कॉल पाच आहेत. ओरडणाऱ्याला आधी द्यायची की ज्याची बायको आचके देते आहे त्याला? विचारल्याशिवाय कसे कळणार?

हो, काही कॉल टेकर तुसडेपणाने बोलतात, मीही ऐकले आहेत, आणि पडद्यावरची प्रश्नावली कधीकधी वेड्यासारखी लांबते. झाले लिहून.

पण एवढे सगळे करून आमची गणती कशात होते? अमेरिकेच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणात, 2018 च्या आवृत्तीतसुद्धा, हे काम 'कार्यालयीन व प्रशासकीय साहाय्य' या गटात आहे. पोलीस आणि अग्निशमनवाले संरक्षण सेवेत, आणि त्यांना रस्ता दाखवणारी मंडळी कारकुनांसोबत. इतर ठिकाणीही फार वेगळे चित्र असेल, असे मला आमच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेवरून तरी वाटत नाही. घरचेच 'फोन उचलते' म्हणतात, तर सरकारला काय बोलायचे?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या रात्री शेवटी मला पायऱ्यांवरचे बूट ऐकू आले, कोणीतरी "काका, बाजूला व्हा, आम्ही घेतो" म्हणाले, आणि लाइन बंद झाली. त्या बाई वाचल्या की नाही, मला माहीत नाही. आम्हाला बहुधा कळतच नाही. काका त्या वेळीही माझ्यावर चिडलेलेच असतील, आणि त्यांचा तो हक्क होता. जमिनीवर बायको पडलेल्या माणसाने ओरडावे, मी ऐकून घेईन. आरामखुर्चीत बसून ध्वनिफितीखाली 'दगड' लिहिणाऱ्यांचे मात्र मी ऐकून घेणार नाही. हेडसेटमध्ये पुढचा कॉल लगेच वाजला होता. शेजारच्यांचे भांडण चालू आहे, झोप येत नाही, अशी तक्रार होती. त्यालाही मी पत्ता विचारला, त्याच आवाजात.

ग्रुपवर भांडायला मी जाणार नाही, तिथे हीच पोस्ट चिकटवीन. आणि वाचताच आहात तर अजून एक. नंबर चुकून लागला तर घाबरून कट करू नका. आमच्या दृष्टीने तो 'चुकून लागलेला' फोन नसतो. पलीकडे कोणाच्या तोंडावर हात दाबलेला असू शकतो. मग आम्ही उलट फोन करतो, तुम्ही अनोळखी नंबर म्हणून उचलत नाही, आणि कित्येकदा एका गाडीला काम सोडून तुमचा शोध घ्यावा लागतो. थांबा आणि "चुकून लागला" एवढे सांगा. त्यावर एखादा प्रश्न आम्ही विचारूच, तेवढे उत्तर द्या.