तात्यांनी नऊ मोजल्या

रविवारचं प्रकरण आहे, म्हणजे राग अजून कोमट आहे. कुकर उघडला, धाकट्यानं आत डोकावलं आणि जाहीर केलं, "खिचडी!" अडीच तासांच्या चिकन पुलावाला एका शब्दात मोकळं केलं. मोठ्यानं वाकून खात्री करून घेतली आणि "चिकनची खिचडी" अशी दुरुस्ती केली. तेवढाच काय तो दिलासा.

एकाच भांड्यातल्या जेवणाचं हल्ली फार कौतुक चालतं. कमी पसारा, कमी भांडी, वेळेची बचत वगैरे. आमच्याकडं ही हौस नाही, कायदा आहे. आईच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे 'खाण्याच्या', म्हणजे मटण-चिकनच्या, कामाला घरातलं एकच भांडं मंजूर आहे. साडेसात लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर. तो जिन्याखाली राहतो, स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नाही. त्याची शेगडी वेगळी, मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला टेकून. त्याचा उलथनाही वेगळा, दांडी हलणारा. ताटांना मात्र सूट आहे. ती घासून पुन्हा फळीवर जातात. हा भेद कुणी केला माहीत नाही. विचारायला गेलो तर ताटंही जातील, म्हणून विचारत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी वजा करून रविवार हाती लागतो. तोही श्रावणात नसला तर.

आता मुद्द्याचं. सहा माणसांना एक किलो चिकन आणि अर्धा किलो तांदूळ. चिकन हाडासकट घ्यायचं, मांडी आणि तंगडी जास्त. छातीचे तुकडे भातात वाफवले की दोऱ्यासारखे सुटे होतात आणि दातात बसतात. एक वाटी दही घोटून घ्यायचं, त्यात चमचाभर हळद, दोन मोठे चमचे आलं-लसूण, दोन लहान चमचे मीठ घालून चिकनला चोळायचं आणि अर्धा तास ठेवायचं. तांदूळ कोलम. दोन-तीन पाण्यांनी धुवून वीस मिनिटं भिजवायचा आणि चाळणीत निथळायचा. आंबेमोहोर घेऊ नये, तो स्वभावानंच चिकट आहे. त्याला खिचडी व्हायला नऊ शिट्ट्याही लागत नाहीत.

करडईचं तेल अर्धी वाटी. दोन तमालपत्रं, चार लवंगा, सहा मिरे, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर दगडफूल. मग चार कांदे उभे चिरून. सगळं इथं ठरतं. कांद्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात, पाच मिनिटांत काही होत नाही. गुलाबी कांदा पुलावात गोडसर गिळगिळीत लागतो, काळा कडू लागतो, मधे तांबूस रंगाची दोनेक मिनिटं असतात आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी फोन करतं. त्यावर दोन टोमॅटो, दोन लहान चमचे काळा मसाला आणि भाजून वाटलेलं सुकं खोबरं. येसर घालू नये. घरात डबाभर असतो म्हणून हात जातो, पण येसरात भाजलेल्या धान्याचं पीठ असतं. आमटीला ते दाटपणा देतं, भातात मात्र तळाला जाऊन बसतं आणि करपतं.

चिकन टाकताना आच कमी. मोठ्या आचेवर दही फाटतं आणि मसाल्यात पांढरे कण तरंगतात. दहा मिनिटं झाकण न लावता परतलं की चिकन आपलं पाणी सोडतं. तांदूळ आमच्या वाटीनं चार वाट्या भरला. कुकरला एकूण दीडपट पाणी लागतं, म्हणजे सहा वाट्या. त्यातल्या दोनेक वाट्या चिकननं आणि टोमॅटोनं आधीच दिलेल्या असतात. म्हणून वरून उकळतं पाणी चारच. पाणी चाखून बघायचं, आमटीपेक्षा खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढतो. बहुतेकांचा पुलाव इथं बिघडतो. चिकनचं पाणी कुणी हिशेबातच धरत नाही. माझा इथं बिघडला नाही. हे लिहून ठेवतो.

मग झाकण. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, लगेच गॅस बारीक, घड्याळ लावून पाच मिनिटं, बंद. वाफ आपोआप जिरेपर्यंत हात लावायचा नाही. शिट्टी हे वेळेचं माप नव्हेच. आत दाब वाढला की पाणी 120 अंशांच्या आसपास तापतं, दाब ठरल्यापलीकडं गेला की वजन उचलून थोडी वाफ बाहेर पडते, तीच शिट्टी. आच मोठी असली तर मिनिटाला एक, बारीक असली तर पाच मिनिटांतही नाही. 'किती शिट्ट्या' हा आपला राष्ट्रीय प्रश्न मुळातच चुकीचा आहे.

झाकण लावलं आणि गल्लीत आरोळी उठली, "नळ आलेऽऽ!"

आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो आणि पाऊण तास राहतो. त्या पाऊण तासात लग्न लागत असलं तरी नवरदेव पाइप धरतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. पुढं पाऊस झाला, फोटो जुने झाले, आणि आम्ही अजून घागरीवर झाकण ठेवून वाट बघतो. एका भांड्यातला स्वयंपाक आम्हाला कौतुकाचा वाटत नाही त्याचं हेही एक कारण. भांडी घासायला पाणी लागतं राव.

तर, मोटार लावायला पळणं भाग होतं. गॅस बंद करून जायला हवं होतं, हे आता सांगणारे घरात चार जण आहेत. मी भिंतीपलीकडं पाहिलं. तात्या होते.

शेजारचे तात्या पस्तीस वर्षांचे माळकरी. रविवारी आमचा कांदा तांबूस होऊ लागला की त्यांची खुर्ची सरकत सरकत भिंतीला लागते. वासाची तक्रार त्यांनी कधी केलेली नाही. उलट, "मी माळकरी माणूस, मला त्यातलं काय कळतंय, पण" अशी सुरुवात करून ते सांगतात की लसूण कच्चा राहिलाय. आणि लसूण कच्चा राहिलेला असतो.

"तात्या, जरा कान ठेवा. पहिली शिट्टी झाली की मला हाक मारा."

"जावा तुम्ही," तात्या म्हणाले. "मी हाय."

मोटार लागली, हौद निम्मा झाला, दोन पिंपं भरली. एवढ्यात एक शिट्टी ऐकू आल्यासारखी वाटली, पण हाक आली नाही, म्हणून ती समोरच्यांची असेल असं ठरवलं. परत आलो तेव्हा अंगणात करपट वास होता आणि तात्या बोटांची पेरं धरून बसले होते.

"किती झाल्या?"

"नऊ." आवाजात अभिमान होता. रोज हरिपाठ आणि जप करणारा माणूस, मोजण्यात चुकणार नाही.

"नऊ! अहो, मी पहिलीला हाक मारा म्हणालो होतो."

"एका शिट्टीत कोंबडी शिजती व्हय, सर? मी म्हनलं, सर घाईत चुकून एक म्हनले. सहा तरी पाहिजेत."

"बरं, मग सहाला?"

"सहाला मारली की हाक. तुमची मोटार चालू. सातला बी मारली. आठव्याला म्हनलं, आता कशाला उगं घसा कोरडा करायचा."

"मग बटण तरी फिरवायचं! इथून हात पोचतो तुमचा."

तात्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "हे असताना?"

"कुकरला नाही, तात्या. बटणाला."

"बटन कशाला लागलंय? शेगडीला. शेगडीवर काय हाय? सांगा की." मी गप्प. "तुम्ही शिकल्यालं माणूस, सर. तुम्हीच असं बोलायलाव तर पोरांनी काय करावं?"

त्या हिशेबानं शेगडी भिंतीला टेकलेली होती आणि तात्या त्याच भिंतीला टेकलेले होते. पण हे मला रात्री अकरा वाजता सुचलं.

चूक तात्यांच्या मोजण्यात नव्हती, त्यांच्या कोंबडीत होती. त्यांनी माळ घातली तेव्हा गावात गावरान कोंबडी होती, उकिरडा उकरून पायाला बळ आलेली. तिला सहा काय, आठ शिट्ट्या द्या, ती हूं का चूं करायची नाही. आताचं ब्रॉयलर म्हणजे सहा आठवड्यांचं लेकरू. त्याला नऊ शिट्ट्या दिल्या की मांस हाड सोडतं, हाडं खिळखिळी होतात आणि त्यांच्या बारीक काड्या भातात मिसळतात. मग लेकरांना घास घासावर उकलून द्यावा लागतो. तांदूळ तर फुटून केव्हाच एक झालेला.

तळ करपल्यावरचा उपाय मला पाठ आहे. ढवळायचं नाही, खरवडायचं नाही, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचा, म्हणजे जळका वास वर चढत नाही. दुसऱ्या भांड्यात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आईनं माझ्या हातातल्या उलथन्याकडं पाहिलं. मी परत अंगणात आलो.

शेवटी ताटांनाच अंगणात आणलं आणि कुकरमधून थेट वाढलं. "पुलाव आहे," मी म्हणालो. बिर्याणीत तांदूळ वेगळा अर्धाकच्चा उकडून थर लावतात, पुलावात तो मांसाच्याच पाण्यात शिजतो, औरंगाबादकडची तहरीही याच घराण्यातली, 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं पण तहरी राहिली, असं बरंच सांगितलं. धाकट्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिचडीवर तूप घेऊ का?"

बायको काही बोलली नाही. तिनं फक्त लोणचं आणलं. पुलावाला लोणचं कुणी आणत नाही.

रात्री कुकरात पाणी घालून ठेवलं. तळाला बोटभर जाड काळा थर, आणि नळ आता पुढच्या रविवारी. सकाळी खायचा सोडा घेऊन अंगणात गेलो, तर भिंतीवरून आवाज आला.

"सोडा नका टाकू, सर. जर्मनचं भांडं काळं पडतंय त्यानं. चिंच उकळा, अर्ध्या घंट्यात सुटतंय. मी माळकरी माणूस, मला त्यातलं काय कळतंय, पण…"

चिंच उकळली. अर्ध्या तासात सुटलं.