कॅप्टनची टोपी

काल रात्री जोतीरावांचं 'गुलामगिरी' परत हातात घेतलं. १८७३ चं पुस्तक, आणि अर्पण केलंय अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, का तर त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातनं सोडवलं म्हणून. पुण्यात बसून हा माणूस कुठवर बघत होता, दरवेळी अंगावर काटा येतो. पण खरं सांगते, इतकी वर्षं ते 'सदाचारी लोक' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर लिंकन आणि बाकी गोरेच यायचे. मग रॉबर्ट स्मॉल्सबद्दल वाचलं.

१८६२, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं एकीकडे, उत्तरेचं सरकार दुसरीकडे, आणि चार्ल्सटन बंदर दक्षिणेच्या ताब्यात. स्मॉल्स तेवीस वर्षांचा गुलाम, 'प्लँटर' नावाच्या लष्करी बोटीवर सुकाणू सांभाळायचा, काम सगळं पायलटचं, म्हणजे बंदरातनं बोट वाट काढत नेणाऱ्याचं, पण काळ्या माणसाला पायलट म्हणायचं नाही. पगार मालकाच्या खिशात. बायको हॅना आणि लेकीला सोडवायला ८०० डॉलरचा सौदा ठरवलेला. स्वतःची लेक विकत घ्यायची, विचार करा जरा!

१२ मेच्या रात्री गोरे अधिकारी बोट सोडून किनाऱ्यावर गेले झोपायला. पहाटे स्मॉल्स आणि बोटीवरच्या बाकीच्या गुलामांनी बोट काढली, दुसऱ्या धक्क्यावरनं बायकापोरं घेतली, एकूण सोळा जण, आणि पकडले गेलो तर बोटीसकट मरायचं हे आधीच ठरलेलं. स्मॉल्सने कॅप्टनची गवती टोपी घातली आणि त्याच्यासारखाच उभा राहिला, कारण अंधारात किल्ल्यावरनं चेहरा थोडाच दिसतो, दिसते ती टोपी आणि उभं राहायची ढब. फोर्ट समटर या दक्षिणेच्या किल्ल्यासमोर ठरलेली शिट्टी द्यायची होती. दिली. पहारेकऱ्यांनी जाऊ दिलं. मला सारखा तो शिट्टीची दोरी ओढणारा हात दिसतो, आणि आत पोरांना छातीशी धरून बसलेल्या बायका... तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवला आणि पांढरी चादर चढवली, नाहीतर उत्तरेच्या जहाजानेच उडवलं असतं.

याला कोणी मुक्त केलं सांगा? लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, म्हणजे साडेसात महिन्यांनंतरचा! लिंकनचं मोठेपण मी नाकारत नाही पण माणसं त्याच्या आधीपासनं मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येतच होती, आणि पुढे जवळपास १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले, त्यात कितीतरी कालपर्यंतचे गुलाम. पगार काय, तर महिन्याला गोऱ्याला १३ डॉलर, यांना १० आणि त्यातनं ३ कपड्यांचे कापायचे. काळ्या सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटने तर हा पगार घ्यायलाच नकार दिला, दीडेक वर्ष, घरी पोरंबाळं हाल काढतायत तरी, आणि लढायचं थांबवलं नाही. १८६४ मधे काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, समान पगार मान्य करावा लागला. हे कोणी दान दिलं नाहीये हो.

स्मॉल्सला बोट उत्तरेच्या हवाली केल्याच्या बक्षिसातले १५०० डॉलर मिळाले. पुढे तो खासदारही झाला, पण मला त्याचं घर जास्त आठवतं. ब्यूफर्टमधे ज्या मालकाच्या घरामागे तो गुलाम म्हणून जन्मला तेच घर त्याने विकत घेतलं, आणि त्याची आई लिडिया, जिने त्या घरात आयुष्यभर राबून काढलं, ती मुलाजवळ तिथे राहायला आली.