सैन्य घुसवा म्हणणाऱ्यांनो, जरा जाफना आठवा

आज रात्री जेवताना टीव्ही लावला आणि घास घशाखाली उतरेना. शेजारच्या देशात गडबड चाललीय, तर चर्चेला बसलेले चौघेही एका सुरात म्हणत होते की भारताने सैन्य घुसवावं. त्यांच्यातल्या एकाच्याही घरचं कोणी जाणार नव्हतं. अर्ध्या तासात ती क्लिप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

माझा मामा 1987 साली भारतीय सैन्यासोबत श्रीलंकेत, उत्तरेकडच्या तमिळ जाफन्यात गेला होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता, माण तालुक्यातला. "आमाला सांगितलं, बंदुका गोळा करायच्या आन परत यायचं. थोड्या दिसाचं काम." परत आला तेव्हा त्याची मुलगी त्याला ओळखत नव्हती.

ते सैन्य का गेलं, हे नीट पाहा. जुलै 1983 मध्ये कोलंबोत तमिळांची घरंदारं जाळली गेली, हजारो निर्वासित रामेश्वरमला उतरले. तमिळनाडू पेटणं साहजिकच होतं. पण त्याआडून दिल्लीने आपल्याच भूमीवर तमिळ बंडखोर गटांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. जी. आर. यांनी तमिळ वाघांच्या, म्हणजे एलटीटीईच्या, म्होरक्या प्रभाकरनला उघड आसरा दिला. तमिळनाडूची मतं हवीत, मद्रासमधला मित्रपक्षही दुखवायचा नाही. वर भीती अशी की त्रिंकोमालीचं बंदर अमेरिकेच्या हाती जाईल आणि कोलंबो पाकिस्तान, इस्रायलकडून मदत घेत राहील. ही भीती खोटी नव्हती, हे मान्य. पुढे 1987 मध्ये झालेल्या भारत-श्रीलंका करारासोबतच्या पत्रांत त्रिंकोमालीचा उल्लेख उगाच आलेला नाही.

पण दिल्लीत त्या वर्षी काय चाललं होतं? एप्रिलमध्ये बोफोर्स बाहेर आलं, जूनमध्ये हरियाणात काँग्रेसची धूळधाण झाली, पंजाब धगधगत होता. अशा वेळी 4 जूनला विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य टाकलं आणि 29 जुलैला राजीव गांधी व श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. त्याच करारानुसार आपलं सैन्य गेलं. घरात सगळीकडून कोंडी झालेल्या सरकारला बाहेर एक यश हवं होतं. दुसरं कारण मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. ज्या तमिळांच्या नावाने करार झाला, त्यांच्यातला एकही गट त्यावर सही करणारा नव्हता!

मामा सांगतो, सुरुवातीला जाफन्यात बायकांनी ओवाळलं, हार घातले. पण वाघ हत्यारं टाकायला तयार नव्हते, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच गल्ल्यांतून गोळ्या आल्या. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर शीख लाइट इन्फन्ट्रीचे 30 जवान हेलिकॉप्टरमधून उतरवले. त्यातले 29 मारले गेले, एक पकडला गेला. मुंबईत जन्मलेले मेजर परमेश्वरन, महार रेजिमेंटचे, 25 नोव्हेंबरला छातीत गोळी लागूनही लढत राहिले. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. अशी सुमारे 1,200 माणसं गेली. तिथले जे सामान्य तमिळ मेले, त्यांचा हिशेब आपण विचारतसुद्धा नाही, आणि मामाही त्या विषयावर गप्प होतो.

रस्त्याच्या कडेला ताजी उकरलेली माती दिसली की खाली सुरुंग असेल या भीतीने मामा अजूनही वळसा घालून जातो. पाइपलाइनसाठी गावात चर खणला होता तेव्हा त्याने नातवाला दंडाला धरून मागे ओढलं होतं. पोरगं रडायला लागलं. मामी म्हणाली, "अवो, पाण्याचा पाइप हाय त्यो." त्याच्या हाताचा थरकाप थांबायला वेळ लागला. मी तिथेच होतो.

हो, 1971 झालं, मान्य. 1988 मध्ये मालदीवचं बंड आपल्या जवानांनी काही तासांत मोडलं, तेही मान्य. पुढे बोला.

पुढे काय झालं ते ऐका. कोलंबोत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी सिंहली मतांसाठी भारतीय सैन्याला निघून जा म्हटलं आणि वाघांनाच हत्यारं पुरवली. आमच्याकडे सरकार बदललं, व्ही. पी. सिंगांनी सैन्य परत बोलावलं. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली, तर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. त्यांनाही आपले मतदार सांभाळायचे होते. म्हणजे पाठवताना मतं, हाकलताना मतं, पाठ फिरवतानाही मतंच! आणि 21 मे 1991 ला श्रीपेरुम्बुदूरमध्ये त्याच वाघांच्या हल्ल्यात राजीव गांधींचा जीव गेला. त्या माणसाबद्दल राग धरावा असं मला आता वाटत नाही. त्याने फार मोठी किंमत मोजली.

मामाला मी एकदा विचारलं, कुणावर राग आहे? म्हणाला, "हुकूम आला, गेलो. राग कुणावर धरायचा?" तो धरणार नाही, म्हणून मी धरतो.

आजही परदेशात सैन्य पाठवायला आपल्या सरकारला संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही. मंत्रिमंडळ ठरवतं, पलटण निघते, सभागृहाला नंतर कळतं. अचानक हल्ला झाला तर वेळ नसतो, हे कळतं मला. पण दुसऱ्याच्या देशात महिनोन्‌महिने राहायचं असेल तर मतदान घ्या. प्रत्येक खासदाराने हो की नाही ते नावानिशी सांगावं, आणि ते नोंदलं जावं. माझ्या खासदारांना मी हेच पत्र लिहितोय, तुम्हीही तुमच्या खासदारांना लिहा.