सात गियरला सातचाच पार्ट लागतो हे कोणी सांगितलं बे?

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरून राहिला आहे, तुम्हालाही आला असेलच. त्याचं म्हणणं असं की सात स्पीडच्या (म्हणजे मागे सात चकत्यांच्या) सायकलीला सात स्पीडचाच पार्ट चालतो, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा पार्ट) तुटला तर शिफ्टर, चेन, फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) सगळं एकाच कंपनीचं, एकाच सेटचं नवीन घ्या, जुनं-नवीन मिसळलं की चेन स्पोकमध्ये जाते, म्हणून खेड्यात गियरची सायकल घेऊच नका. बाकी सोडा, पण हे वाचून वरुड-मोर्शीकडे लोक चांगल्या सायकली एका डिरेलरपायी भंगारात देऊन राहिले ना भाऊ, म्हणून लिहितो.

आधी त्या आकड्याचं घेऊ, सगळा घोळ तिथेच आहे. मागच्या डिरेलरला गियर मोजताच येत नाहीत. क्लिक असतात ते हँडलवरच्या शिफ्टरमध्ये, डिरेलर बिचारा केबल जेवढी ओढली त्या हिशोबात सरकतो, सात-आठ-नऊ हे त्याच्या डब्यावर छापलेलं असतं, त्याच्या अंगात नाही. शिमानो कंपनीचे ६ ते ९ स्पीडचे डिरेलर, रोडच्या सायकलीचे असो की एमटीबीचे (माउंटन बाइकचे), जवळपास सगळे एकाच प्रमाणाचे आहेत, केबल १ मिमी ओढली की साधारण १.७ मिमी सरकतात (अपवाद शिमानोच्याच जुन्या ड्युरा-एस ७४०० मॉडेलचा, तो आपल्याकडे कोणाच्या सायकलीला आहे म्हणा). आता पाहा, ८ स्पीडचा शिफ्टर एका क्लिकला २.८ मिमी केबल ओढतो, १.७ ने गुणलं तर ४.७६, आणि ८ च्या कॅसेटमध्ये (हाही मागच्या चकत्यांचाच गठ्ठा) एका चकतीपासून दुसरीपर्यंतचं अंतर ४.८. नऊचा शिफ्टर २.५ ओढतो, गुणून ४.२५, तिथलं अंतर ४.३५. जुळलं ना? म्हणजे शिफ्टरचे क्लिक आणि चकत्या यांचं जमलं पाहिजे, डिरेलरने फक्त ते प्रमाण पाळायचं. म्हणून सातच्या सायकलीला आठचा किंवा नऊचा जुना डिरेलर लावला तरी चालतो, सेटिंग नीट करा म्हणजे झालं.

आणि उलटंही होते, आकडा सेम असून जमत नाही. शिमानोचा १० स्पीडचा एमटीबी डिरेलर १.७ चा नाही, १.२ च्या आसपासचा आहे. तो ९ च्या शिफ्टरला लावला तर एका क्लिकला ३ मिमीच सरकेल, पाहिजे ४.३५, तीन क्लिकमध्ये जवळपास एक पूर्ण चकती मागे राहिला. तोच १० चा एमटीबी डिरेलर १० च्याच रोड शिफ्टरला लावला तरी हेच हाल. त्यातही शिमानोचा रोडचा टियाग्रा ४७०० म्हणजे कमालच, आहे १० स्पीडचा पण केबलचं प्रमाण ११ च्या रोड सेटचं, त्यामुळे त्याच्या आधीच्या १० स्पीड टियाग्रा ४६०० सोबतही तो जमत नाही. एकच कंपनी, एकच नाव, एकच आकडा, तरी नाही. मेसेजवाल्याचा नियम इथे कुठे गेला?

‘एकाच कंपनीचं घ्या’ हेही अर्धवट. मायक्रोशिफ्ट, सनरेस या दुसऱ्या कंपन्यांचे बरेचसे ७-८ स्पीडचे शिफ्टर शिमानोच्याच प्रमाणावर बनवलेले असतात आणि मस्त चालतात. स्रॅम कंपनीचा वन-टू-वनवाला शिफ्टर मात्र शिमानोच्या डिरेलरला लावू नका, त्याची केबल ओढायची रीतच वेगळी.

चेनबद्दल मेसेजमध्ये थोडं खरं आहे. नऊच्या कॅसेटवर आठची चेन टाकली तर ती शेजारच्या चकतीला घासते, कारण आठची चेन बाहेरून ७.१ मिमीच्या आसपास आणि नऊची ६.६. पण ७ आणि ८ ची चेन एकच असते, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. नवीन चेन टाकली आणि दात सोडून उडायला लागली की लोक म्हणतात पार्ट जुळला नाही, अरे तो फ्रीव्हील झिजलेला असते! आपल्या काळ्या मातीची धूळ, त्यावर तेल, झाला ना पॉलिश पेपर. शाळेची पट्टी घ्या, चेनच्या एका पिनपासून मोजा, १२ जोड (एक आतली अन् एक बाहेरची कडी मिळून एक जोड) बरोबर १२ इंच भरले पाहिजेत, इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदला, इंचाचा आठवा भाग जास्त असेल तर फ्रीव्हीलही गेला समजा.

चेन स्पोकमध्ये जाते ती जुनं-नवीन मिसळल्याने नाही. ती जाते डिरेलरवरचा एल लिहिलेला लिमिट स्क्रू (डिरेलरला आत जास्त सरकू न देणारा) सुटा राहिल्याने, नाहीतर हँगर (डिरेलर जिथे बसतो तो फ्रेमचा कान) वाकल्याने. सायकल पिकअपमध्ये संत्र्याच्या कॅरेटवर डिरेलरच्या बाजूने आडवी टाकून आणता अन् मग नवीन पार्टला शिव्या देता काहून? हँगर वाकडा असेल तर नवाकोरा पूर्ण सेट लावला तरी चेन आत जाऊ शकते.

आणि काहीच जमलं नाही तर साधा फ्रिक्शन शिफ्टर लावा, बिनक्लिकचा, बोटाने सरकवायचा. शिमानोचं क्लिकवालं एसआयएस १९८४ मध्ये आलं, त्याआधी बहुतेक जग फ्रिक्शनवरच गियर टाकत होतं. त्याला ना आकडा लागत ना कंपनी, दोन दिवसात हात बसते.

नागपूर-अमरावतीहून डिरेलर मागवणार असाल तर ‘सातचा पाठवा’ एवढंच सांगू नका. शिफ्टरवरचा नंबर कळवा, मोठ्या चकतीचे दात मोजून सांगा (२८ आणि ३४ ला फरक पडतो), आणि डिरेलर थेट हँगरवर बसते की चाकाच्या नटाखाली पत्री असलेला लागते तेही पाहून घ्या, शिमानोचा टूर्नी डिरेलर दोन्ही प्रकारात मिळतो आणि चुकीचा आला तर परत पाठवण्यात आठवडा जातो.