एका मताने लादलेली घटनादुरुस्ती? (प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. टेनेसी या अमेरिकी राज्यावरच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, तिथल्या विधिमंडळात आईच्या चिठ्ठीवरून २४ वर्षांच्या एका पोराने मत फिरवलं आणि महिला मताधिकाराची एकोणिसावी दुरुस्ती अख्ख्या अमेरिकेच्या गळ्यात पडली. दोन, लोकांना कुणी विचारलंच नाही.

दुसरा आधी घेतो. विचारायचं कुणाला? बहुतेक राज्यांत सार्वमताला उतरणार फक्त पुरुष. १९१५ मध्ये न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्सने विचारून पाहिलं, चारही ठिकाणी उत्तर 'नाही' आलं. शिवाय ओहायोने दुरुस्तीची मंजुरी सार्वमतावर सोडली होती, तेव्हा जून १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की राज्यघटनेने हे काम विधिमंडळांना दिलंय, राज्याला त्यात आपली पायरी घुसवता येणार नाही. आपल्याकडे तरी वेगळं कुठे आहे? आपल्या राज्यघटनेच्या कलम ३६८ मध्ये जिथे राज्यांची संमती लागते तिथेही निम्म्या विधिमंडळांचे ठराव पुरतात.

आता तो २४ वर्षांचा पोरगा, आमदार हॅरी बर्न. १८ ऑगस्ट १९२०, टेनेसीची राजधानी नॅशव्हिल. कोटावर विरोधकांचं लाल गुलाब, खिशात आईचं पत्र. विषय बाजूला सारायचा प्रस्ताव आला तेव्हा बर्नने विरोधकांनाच साथ दिली होती! तो प्रस्ताव ४८-४८ वर अडला तो दुसरा आमदार बँक्स टर्नर ऐनवेळी समर्थकांकडे आला म्हणून. तो आला नसता तर मूळ दुरुस्तीवर 'हो' म्हणायची बर्नची पाळीच आली नसती. पण टर्नरच्या आईचं पत्र नव्हतं, त्यामुळे त्याचं नाव कुणी घेत नाही.

आणि 'एका मताने' म्हणताना आधीची ३५ राज्यं कुठे गेली? तेव्हाच्या ४८ राज्यांपैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात तर ३०४ विरुद्ध ९० असा निकाल होता. टेनेसीच्या मंजुरीला पुढे कोर्टात आव्हान मिळालं. १९२२ मध्ये न्यायालय म्हणालं, एव्हाना कनेक्टिकट आणि व्हरमाँटनेही होकार दिलाय, त्यामुळे तो वाद उरतच नाही. म्हणजे बर्न 'नाही' म्हणाला असता तर फार तर काही महिने लांबलं असतं. अर्थात नोव्हेंबरची अध्यक्षीय निवडणूक अनेकींच्या हातून गेली असती, हे मान्य.

मला खटकतं ते तुमच्या प्रतिक्रियेत नाहीच. दुरुस्तीने लिंगावरून मत नाकारायला बंदी केली, बाकी काही नाही. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना त्यानंतरही मतदान-कर आणि साक्षरतेच्या परीक्षा दाखवून परत पाठवत, आणि त्यावर केंद्राचा भक्कम कायदा यायला १९६५ उजाडलं.