‘होणारच’ म्हणण्याआधी

व्यसनी माणसाचे हातपाय आखडले, जीभ अडखळायला लागली की आपला निकाल तयार असतो: "गर्दुल्लाच तो, होणारच!" मला या ‘होणारच’चा राग येतो. कारण कित्येकदा घात नशेचा पदार्थ करत नाही, तो बनवताना त्यात राहून गेलेला कचरा करतो. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

1982 साली कॅलिफोर्नियात हेरॉइन समजून भलतीच पूड टोचून घेतलेले काही तरुण थोड्याच दिवसांत पुतळ्यासारखे थिजले. सगळं कळतंय, पण हलता येईना, बोलता येईना. एकाला तर आधी मनोरुग्णच समजले. विल्यम लँगस्टन या मेंदूविकारतज्ज्ञाला मात्र त्यात कंपवात (पार्किन्सन) दिसला, तोही ऐन तारुण्यात! पेथिडीन या वेदनाशामकाच्या कुळातलं एक द्रव्य चोरून बनवताना कुणाचं तरी गणित चुकलं होतं आणि एमपीटीपी नावाचं भलतंच रसायन तयार झालं होतं. गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की एमपीटीपी स्वतः विषारी नाही. मेंदूतलंच एक विकर (एन्झाइम) त्याचं विष करतं, आणि हालचालींसाठी लागणारं डोपामिन बनवणाऱ्या पेशी ते आपलंच समजून आत ओढून घेतात आणि मरतात. लेव्होडोपा हे कंपवातावरचं औषध दिल्यावर ही माणसं हलू लागली. मेलेल्या पेशी काही परत आल्या नाहीत. पुढे याच एमपीटीपीने माकडांना कंपवात आणून त्यावरचे उपचार तपासले गेले. कुणाच्या आजोबांना त्याचा फायदा झाला असेल, तर त्यात या ‘गर्दुल्ल्यां’चाही वाटा आहे.

दुसरं उदाहरण लाटव्हियाचं. सर्दीच्या गोळ्या आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून घरीच मेथकॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य बनवायचं आणि शिरेत टोचायचं. परमँगनेटमधला मँगनीज हा धातू मेंदूत साचतो. 2008 साली तिथल्या अशा 23 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाल सगळ्यांचीच बिघडलेली, उलट पावली चालणंही सगळ्यांनाच जड जाई. लेव्होडोपाचा इथे फारसा उपयोग होत नाही. नशा सोडली तरी चाल सुधारत नाही.

आपण मात्र "सोड, सगळं ठीक होईल" एवढं सांगून मोकळे. "किती घेतोस?" हे सगळे विचारतात, "कशापासून बनवलेलं?" हे क्वचित. आणि विचारायचं तर वेळेत. नशा चालू असताना मँगनीज एमआरआयमध्ये ठळक दिसतं. सोडल्यावर ती खूण हळूहळू पुसट होते, लंगडणं तसंच राहतं, आणि केसपेपरवर उरतो एकच शब्द: व्यसनी.